आरे-वारेच्या चढावर गाडी बंद पडते? एकेक पायरीने कारण शोधू या

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे निघालं की शिरगाव मागे पडतं, आरेचा किनारा येतो, सुरूच्या बनातून वारा येतो आणि रस्ता वारेकडे डोंगरकडेने चढू लागतो. नेमकी तिथे गाडी दोन हिसके देते आणि बंद! घाबरू नका. बोनेट उघडून दिसेल ती वायर हलवायची नाही, की कुणी सांगितलं म्हणून नवा पार्टही आणायचा नाही. आपण क्रमाने जाऊ. एका वेळी एकच गोष्ट तपासायची, तिचा निकाल वहीत लिहायचा, मग पुढची पायरी. क्रम मोडला नाहीत, तर बहुतेक वेळा कारण तुमच्याच हाती लागेल. नाही लागलं, तरी मेकॅनिकला नेमकं काय सांगायचं ते तुम्हाला कळलेलं असेल.

पहिले दोन भाग रस्त्याच्या कडेला करायचे. बाकीचे सपाट, मोकळ्या जागी किंवा घरच्या खळ्यात, इंजिन गार झाल्यावर.

हाताशी एवढं ठेवा
• दहाचा आणि बाराचा पाना, एक चपटा आणि एक चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर
• टॉर्च, सुती फडकी, जुना टूथब्रश, हातमोजे
• साधा मल्टिमीटर
• स्प्रेची बाटली: पाणी आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब
• थ्रॉटल बॉडी क्लीनरचा कॅन
• डिझेल गाडी असेल तर एक पारदर्शक बाटली आणि हातभर रबरी नळी
• मोबाइलला जोडता येणारा ओबीडी स्कॅनर, असल्यास
• वही आणि पेन

भाग १: चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं की

१. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा. ते जड लागेल, पण फिरेल. फक्त जोर जास्त लावा.

२. किल्ली आहे तिथेच राहू द्या. सांभाळा: किल्ली मागे फिरवून बाहेर काढलीत, तर स्टिअरिंग लॉक होईल. बटणाची गाडी असेल तर बटणाला हात लावू नका.

३. ब्रेक एकदाच, एकसारखा दाबा आणि दाबून ठेवा. सांभाळा: ब्रेक पुन्हा पुन्हा पंप करू नका. दोन-तीन दाबांत बूस्टरचा साठा संपतो आणि पेडल दगडासारखं कडक होतं.

४. चारही इंडिकेटर एकदम लावा, म्हणजे हॅझार्डचं लाल त्रिकोणाचं बटण दाबा.

५. गाडी डावीकडे रुंद, सपाट जागी घ्या. सांभाळा: रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना तुमची डावी बाजू समुद्राची असते. कडेच्या मऊ मातीत चाक घालू नका आणि वळणावर मुळीच थांबू नका.

६. हँडब्रेक पूर्ण ओढा.

७. गाडी गिअरमध्ये टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’.

८. चाकाला जांभ्याचा चांगला मोठा दगड लावा. तोंड चढाकडे असेल तर मागच्या चाकाच्या मागे, उताराकडे असेल तर पुढच्या चाकाच्या पुढे.

९. सगळ्या माणसांना उतरवून रस्त्यापासून दूर उभं करा. सांभाळा: फोटो काढायला कठड्याकडे जाणाऱ्या मुलांचा हात आधी धरा.

१०. त्रिकोणी पाटी गाडीच्या मागे साधारण पन्नास पावलांवर ठेवा. मागे वळण असेल तर वळण ओलांडून पलीकडे ठेवा, म्हणजे येणाऱ्याला ती वळणाआधीच दिसेल. वाऱ्याने पडू नये म्हणून तिच्या पायावर दगड ठेवा.

भाग २: काहीही उघडण्याआधी पाहा, हुंगा, लिहा

११. गाडी कशी बंद पडली ते आत्ताच वहीत लिहा: दिवा विझावा तशी झटक्यात, की हिसके खात, दम तोडत. अर्ध्या तासाने हे नक्की आठवणार नाही, आणि पुढचा सगळा शोध यावरच चालतो. झटक्यात गेली असेल तर वीज किंवा सेन्सरचा संशय जास्त. हिसके खात गेली असेल तर इंधन किंवा हवेचा.

१२. तापमानाचा काटा किंवा लाल दिवा पाहा. काटा वर गेला असेल तर बाकीचं सगळं तिथेच थांबवा आणि इंजिन पूर्ण गार होऊ द्या. सांभाळा: गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

१३. इंधनाचा काटा पाहा. टाकी तळाला असेल तर चढावर उरलेलं पेट्रोल एका बाजूला सरकतं आणि पंपाला मिळत नाही. आधी पाच लिटर घाला. कदाचित शोध इथेच संपेल.

१४. गेल्या काही मिनिटांत गाडी खोल पाण्यातून गेली का ते आठवा. गेली असेल तर सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल, तर एका सेल्फने कनेक्टिंग रॉड वाकतो. टोइंगच बोलवा.

१५. बोनेटजवळ आणि टाकीजवळ वास घ्या. पेट्रोलचा भपकारा आला तर सेल्फ मारू नका, मोबाइलचा टॉर्चही लांबच ठेवा. माणसं दूर करा आणि मेकॅनिकला फोन करा.

१६. वरचं काहीच नसेल तर एकदा, फक्त एकदाच सेल्फ मारा. दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. काय झालं ते लिहा:
• नुसतं टक-टक, किंवा सेल्फ मरगळलेला: भाग ३ नीट करा.
• सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही: भाग ४ वर जास्त लक्ष द्या. डिझेल असेल तर भाग ६.
• चटकन सुरू होते, पाय उचलला की बंद: भाग ५.
• आत्ता नाही, पण अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू होते: भाग ८.
सांभाळा: भाग ३ मात्र सगळ्यांनी आधी करायचाच. वीज कमी पडली की बाकीच्या सगळ्या चाचण्या खोटं बोलतात.

१७. स्कॅनर असेल तर जोडा आणि कोडचा फोटो काढून ठेवा. सांभाळा: कोड पुसू नका. पुसलात तर पुरावाच गेला.

१८. गाडी सुरू झाली तर तिला जवळच्या सपाट, मोकळ्या जागी न्या. नाहीच झाली तर मदत बोलवा. फोनवर तीन गोष्टी सांगा: जागा कुठली, गाडीचं तोंड रत्नागिरीकडे की गणपतीपुळ्याकडे, आणि गाडी चढावर की उतारावर. धोक्याची परिस्थिती असेल तर ११२ लावा.

भाग ३: बॅटरी आणि अर्थिंग

१९. इंजिन बंद ठेवून बोनेट उघडा.

२०. बॅटरीची दोन्ही टर्मिनलं हाताने हलवून पाहा. बोटाच्या जोराने क्लिप जरा जरी फिरली, तर ती ढिली आहे. खड्ड्यात किंवा चढाच्या हिसक्यात झटक्यात बंद पडणाऱ्या किती तरी गाड्यांचं कारण एवढंच असतं.

२१. टर्मिनलांवर पांढरट-हिरवा थर आहे का ते पाहा. खाऱ्या हवेत तो लवकर धरतो.

२२. थर असेल तर आधी उणे, म्हणजे काळी वायर सोडा. सांभाळा: अधिकची वायर आधी सोडलीत आणि पाना बॉडीला लागला, तर ठिणगी उडेल. काही गाड्यांत बॅटरी काढली की म्युझिक सिस्टिम कोड मागते. तो कोड आधी शोधून ठेवा.

२३. मग अधिकची, म्हणजे लाल वायर सोडा.

२४. गरम पाणी आणि टूथब्रशने थर घासून काढा, फडक्याने कोरडं करा. डोळ्यांत उडू देऊ नका.

२५. आधी लाल, मग काळी वायर लावून घट्ट आवळा.

२६. काळी वायर बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने जोडली आहे, तो बोल्ट पाहा. गंज दिसला तर तिथलाही जोड सोडून घासा आणि पुन्हा आवळा. किनाऱ्यालगतच्या गाड्यांत बॅटरी ठणठणीत आणि हा बोल्ट खाल्लेला, असं खूपदा असतं.

२७. मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट हवेत.

२८. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहा. ९.६ व्होल्टच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे.

२९. इंजिन सुरू झालं तर पुन्हा मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. त्याहून बरंच कमी असेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाही. नव्या गाड्यांत हा आकडा थोडा वरखाली होतो, त्याची काळजी करू नका. सांभाळा: “चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघ” असं कुणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका. एका क्षणात इंजिनचा कंप्युटर जळू शकतो.

भाग ४: पेट्रोल पोचतंय का

३०. म्युझिक, एसी, पंखा सगळं बंद करा आणि समुद्राच्या बाजूच्या काचा वर करा. आता कान लागणार आहेत.

३१. सेल्फ न मारता इग्निशन ऑन करा. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘झुंऽ’ ऐकू यायला हवा. तो पेट्रोल पंपाचा आवाज. मागच्या सीटवर कुणाला तरी कान लावून बसवलंत तर चुकायला नको.

३२. आवाज आला नाही तर फ्यूज बॉक्सच्या झाकणावर ‘फ्यूएल पंप’ शोधून तो फ्यूज काढून पाहा. सांभाळा: बदलताना त्याच आकड्याचा आणि रंगाचा फ्यूज घाला. वायरचा तुकडा घालून काम भागवू नका, आग लागते.

३३. फ्यूज चांगला असेल तर पंपाचा रिले शेजारच्या त्याच नंबरच्या रिलेशी अदलाबदल करून पाहा. आता ‘झुंऽ’ आला तर जुना रिले गेला. तरीही नाही आला तर पंप किंवा त्याची वायर. ते काम मेकॅनिकचं.

३४. टाकीचं झाकण उघडा. जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि त्यानंतर गाडी नीट चालली, तर टाकीची हवा आत घ्यायची वाट तुंबली आहे.

३५. सीएनजी गाडी असेल तर इंधनाचं बटण बदलून दुसऱ्या इंधनावर दहा मिनिटं चालवा. सीएनजीवरच बंद पडते आणि पेट्रोलवर नाही, तर दोष सीएनजीच्या किटमध्ये आहे. दोन्हींवर बंद पडते तर पुढच्या भागाकडे चला. सांभाळा: इंजिनजवळचा पेट्रोलचा पाइप सोडून “येतंय का” बघू नका. इंजिन बंद असलं तरी आत दाब असतो, पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं.

भाग ५: हवेची वाट (पेट्रोल गाडी)

पाय उचलला की किंवा सिग्नलला थांबलं की बंद, असं असेल तर हा भाग सावकाश करा. दोष बहुतेक इथेच सापडतो.

३६. इंजिन बंद करून एअर फिल्टरचा डबा उघडा.

३७. फिल्टर उजेडासमोर धरा. पलीकडचा उजेड दिसत नसेल, किंवा कागद दमट होऊन घड्या चिकटल्या असतील, तर नवा घाला. सांभाळा: दमट फिल्टर उन्हात वाळवून पुन्हा बसवू नका, कागद फाटतो आणि वाळू सरळ इंजिनात जाते.

३८. डब्याच्या तळातली वाळू आणि सुरूच्या काड्या ओल्या फडक्याने पुसून घ्या. फुंकर मारू नका, वाळू पुढच्या पाइपात जाईल.

३९. डब्याच्या सगळ्या क्लिपा लावा. एक जरी उघडी राहिली तर तिथून न मोजलेली हवा आत जाते.

४०. फिल्टरपासून इंजिनपर्यंतचा जाड रबरी पाइप हाताने चाचपा. मग दोन्ही हातांनी धरून हलकेच वाकवा, टॉर्च मारा आणि घड्यांच्या मधे पाहा. सरळ पाइपात काही दिसत नाही; वाकवला की नखाएवढी चीर ओठ उघडावेत तशी उघडते. एवढी चीर गाडी बंद पाडायला पुरते.

४१. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक पूर्ण बसली आहे का ते दाबून पाहा. सर्व्हिसिंगनंतर लगेच सुरू झालेल्या तक्रारीत हे विसरू नका.

४२. इंजिन सुरू करा आणि आयडलिंगवर ठेवा. गरम इंजिनला काटा साधारण ७०० ते ९०० फेऱ्यांवर स्थिर हवा. वरखाली झुलत असेल तर तसं लिहा. सांभाळा: ओढणी, सैल बाह्या, बांगड्या पट्ट्यापासून दूर ठेवा.

४३. सगळ्या बारीक रबरी नळ्यांजवळ कान न्या. ‘सुंऽ’ असा आवाज जिथून येईल तिथे बोट लावा. बोट लावताच इंजिनचा सूर बदलला तर गळती सापडली.

४४. आवाज सापडत नसेल तर साबणाचं पाणी एकेका जोडावर थोडं थोडं उडवा. फेस आत ओढला गेला किंवा आयडलिंग बदललं, तर तीच जागा. सांभाळा: कॉइल, कनेक्टर आणि गरम सायलेन्सरवर पाणी उडवू नका. पेट्रोल किंवा कसलाही पेट घेणारा स्प्रे या कामाला वापरू नका.

४५. इंजिन आयडलिंगवर असतानाच ब्रेक दाबून धरा. पेडलमधून ‘सुंऽ’ येत राहिला आणि इंजिन मरायला लागलं, तर ब्रेक बूस्टर किंवा त्याचा पाइप फुटला आहे. सांभाळा: असं आढळलं तर ती गाडी घाटात नेऊ नका. टोइंग करूनच न्या.

४६. टाकी फुल्ल केल्यावरच बंद पडते का ते आठवा. तसं असेल तर गार इंजिन आयडलिंगला ठेवून पर्ज व्हॉल्व्हची (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कॅनिस्टरकडची, म्हणजे वाफ साठवणाऱ्या डब्याकडची नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट धरा. गार असताना बोट ओढलं जात असेल, तर व्हॉल्व्ह उघडा राहिला आहे.

४७. इंजिन बंद करून जाड पाइप थ्रॉटल बॉडीपासून सोडा. आतल्या चकतीच्या कडेला काळा चिकट थर दिसतो का ते टॉर्चने पाहा.

४८. थर असेल तर क्लीनर फडक्यावर मारून कड पुसा. सांभाळा: इग्निशन ऑन असताना चकतीला बोट लावू नका, बोट चिमटेल. क्लीनरची धार आत सोडू नका.

४९. पाइप लावा, इंजिन सुरू करा आणि पाच-दहा मिनिटं आयडलिंगवर राहू द्या. सुरुवातीला थोडं वरखाली होईल, मग बसेल. काही गाड्यांना आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं. ती रीत गाडीच्या पुस्तकात असते.

५०. स्कॅनरचा फोटो आता उघडा. ‘पी ०१७१’ असेल तर हवा जास्त किंवा पेट्रोल कमी: पायरी ४० ते ४६ पुन्हा करा. ‘पी ०५०५’ किंवा ‘पी ०५०६’ असेल तर आयडलिंगची हवा अडते: पायरी ४७ आणि ४८ नीट झाली का ते पाहा.

भाग ६: डिझेल गाडीने एअर घेतली असेल तर

फिल्टर बदलल्यावर, टाकी कोरडी पडल्यावर, किंवा रात्रभर उतारावर उभी ठेवल्यावर गाडी सुरू होऊन अर्ध्या मिनिटात बंद पडते? मग डिझेलच्या पाइपात शिरलेली हवा, म्हणजे ‘एअर’, काढू या.

५१. डिझेल फिल्टर शोधा. त्याच्या वर किंवा जवळच्या पाइपात हाताने दाबायचा प्रायमर असतो. कुठे रबरी फुगा, कुठे दट्ट्या.

५२. फिल्टरच्या तळाशी बाटली धरून ड्रेन स्क्रू थोडा सैल करा आणि कपभर डिझेल येऊ द्या. मग स्क्रू आवळा.

५३. बाटली दोन मिनिटं स्थिर ठेवा आणि उजेडात धरा. पाणी असेल तर ते खाली बसतं आणि मधे स्वच्छ रेघ दिसते. रेघ दिसली तर फक्त डिझेल येईपर्यंत पायरी ५२ पुन्हा करा. पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा कराच.

५४. हवा सोडायच्या ब्लीड स्क्रूभोवती फडकं गुंडाळा आणि स्क्रू अर्धा फेरा सैल करा. काही गाड्यांत हा स्क्रू नसतो. त्यांनी थेट पायरी ५७ करावी.

५५. दुसऱ्याला प्रायमर सावकाश दाबायला सांगा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार.

५६. अखंड धार आली की प्रायमर दाबून धरलेला असतानाच स्क्रू आवळा. सांभाळा: आधी प्रायमर सोडला आणि मग स्क्रू आवळला, तर हवा परत आत गेली, पायरी ५५ पासून पुन्हा.

५७. प्रायमर कडक लागेपर्यंत दाबा. कितीही दाबला तरी मऊच राहत असेल, तर त्याचा व्हॉल्व्ह गेला आहे किंवा मागून हवा येते आहे.

५८. दहा सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा मारा. सांभाळा: इंजिनवरचे लोखंडी बारीक पाइप कधीही सैल करू नका. कॉमन रेल गाडीत तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो. ती धार कातडीत शिरते. जुन्या गाडीवर शिकलेला मेकॅनिक तसं करायला निघाला, तरी थांबवा.

५९. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद पडली तर टाकीपासून फिल्टरपर्यंतचा एकेक जोड पाहा. धूळ चिकटून ओलसर काळा झालेला जोड संशयाचा. सांभाळा: थेंब दिसला नाही म्हणून जोड बरा असं समजू नका. या बाजूला डिझेल बाहेर न येताही हवा आत जाते.

६०. जुन्या क्लिपा आणि फिल्टरची रबरी रिंग बदला. नवी रिंग बसवताना तिला बोटाने डिझेल लावा, म्हणजे पीळ पडणार नाही.

भाग ७: एअर पंप असलेली गाडी

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा नसतो. काही परदेशी बनावटीच्या पेट्रोल गाड्यांत असतो. गाडीच्या पुस्तकात ‘सेकंडरी एअर’ हे नाव नसेल तर सरळ भाग ८ कडे चला.

६१. रात्रभर गार झालेलं इंजिन सुरू करा आणि पहिला मिनिट-दीड मिनिट ऐका. व्हॅक्यूम क्लीनरसारखा घुरघुराट येऊन आपोआप थांबायला हवा.

६२. आवाज आलाच नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले पायरी ३२ व ३३ प्रमाणे तपासा. हवा बाहेर गरम असली तर काही गाड्यांत पंप लागतच नाही. म्हणून सकाळच्या गारव्यात करा.

६३. खडखड किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर पंपाची बाहेर जाणारी नळी सोडा.

६४. नळीच्या तोंडात बोट फिरवा. काळी काजळी किंवा पाणी लागलं, तर चेक व्हॉल्व्ह फुटला आहे आणि धुराची वाफ उलटी पंपात शिरते आहे. सांभाळा: नुसता पंप बदलू नका. व्हॉल्व्ह तसाच राहिला तर नवा पंपही त्याच पाण्याने जाईल.

६५. व्हॉल्व्हकडे जाणारी बारीक नळी असेल तर ती काढून इंजिनकडच्या तोंडावर बोट धरा आणि आयडलिंग पाहा. बोट धरताच गाडी सुधारली तर नळी किंवा व्हॉल्व्हचा पडदा फाटला आहे, आणि तुमची गाडी बंद पडते ती या गळतीनेच.

६६. स्कॅनरवर ‘पी ०४१०’, ‘पी ०४११’ किंवा ‘पी ०४१८’ असेल तर तो या भागाचा कोड आहे. सांभाळा: बंद पडलेला पंप एकटा गरम इंजिन बंद पाडत नाही. कोड दिसला म्हणून महागडा पंप मागवण्याआधी भाग ५ पूर्ण झाला आहे याची खात्री करा.

भाग ८: गरम झाली की बंद, गार झाली की सुरू

६७. गाडी बंद पडल्यावर लगेच सेल्फ मारा आणि फेऱ्यांच्या काट्याकडे पाहा. सेल्फ फिरत असताना काटा जराही हलत नसेल, तर क्रँक सेन्सरचा, म्हणजे इंजिनच्या फेऱ्या मोजणाऱ्या सेन्सरचा संशय घ्या.

६८. घड्याळ पाहून वीस ते तीस मिनिटं थांबा. सांभाळा: लवकर गार व्हावं म्हणून इंजिनवर पाणी ओतू नका, गरम धातूला तडा जातो.

६९. पुन्हा सेल्फ मारा. आता काटा हलला आणि गाडी सुरू झाली, तर संशय पक्का होतो. स्कॅनरवर ‘पी ०३३५’ मिळाला तर आणखी पक्का.

७०. सेन्सरचा कनेक्टर काढून आत पाहा. हिरवी पिन किंवा वाळूचा कण दिसला तर कोरड्या ब्रशने साफ करा आणि ‘टक्’ वाजेपर्यंत बसवा. त्यानेही भागलं नाही तर सेन्सर बदला.

भाग ९: आता चढावर चाचणी

७१. सपाट जागी दहा मिनिटं आयडलिंगवर ठेवा. एसी, हेडलाइट आणि पंखा चालू करा.

७२. त्याच स्थितीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इंजिन डगमगलं तरी बंद पडता कामा नये.

७३. शिरगावपर्यंत सपाट रस्त्याने एक फेरी मारा. मधे दोन-तीनदा कडेला थांबून आयडलिंग पाहा.

७४. मग आरेहून वारेचा चढ चढा; दिवसा, गर्दी नसताना, सोबत एक माणूस घेऊन. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी हा प्रयोग करू नका, मागे रांग लागते आणि तुमचा हात घाईत चुकतो.

७५. वर पोचलात की सुरक्षित जागी गाडी थांबवा, वही उघडा आणि तारीख, किलोमीटर, सापडलेलं कारण आणि केलेला उपाय अशी चार ओळींची नोंद करा. समुद्र बघायचा तो त्यानंतर, आणि इंजिन चालू ठेवूनच. पाच मिनिटं बघा. मागे इंजिन एका सुरात चालत राहिलं, तर काम झालं.